नाकाच्या जागी कोपर

"कान धर," साहेब म्हणाले.

मी धरले.

मी काही शाळकरी पोर नव्हते. सांगलीच्या चित्रकला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होते. गावाकडं माझ्या वयाच्या पोरींच्या कडेवर लेकरं होती. तरी साहेबांचा शब्द पडला आणि दोन्ही हात आपोआप वर गेले. कोपरं बाहेर आली, मान खाली गेली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवावं लागतच नाही.

हॉल भरला होता. साहेबांचा वाढदिवस. साहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. आष्ट्याकडं ऊस, सांगलीत संस्था, भाऊ फौजेत मोठ्या हुद्द्यावर, दारात गाड्या. दरवर्षी त्यांच्या वाढदिवसाला आम्हा विद्यार्थ्यांची स्पर्धा असते. विषय ठरलेला, साहेबांचं व्यक्तिचित्र. सगळे जण फ्लेक्सवरचा एकच फोटो समोर ठेवतात. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, एक हात वर, हसरा चेहरा. मग भिंतीवर ओळीनं साहेबच साहेब. एकाचे गाल जरा फुगलेले, एकाचं गंध वाकडं, एवढाच काय तो फरक. त्या ओळीच्या टोकाला माझं चित्र होतं.

साहेब एकेका चित्रापुढं थांबत, मान डोलवत आले. माझ्या चित्रापुढं मान डोलायची थांबली.

"हे कोण?"

 खाली चिठ्ठीवर माझं नाव होतं. प्राचार्यांनी ते वाचलं आणि मला डोळ्यांनी पुढं बोलावलं.

"हा मी?" साहेबांनी चित्रावर बोट टेकवलं. "एकच डोळा, तोही भलतीकडं. अर्धं थोबाड पांढरंफटक. आणि नाकाच्या जागी ही काळी घाण कसली?"

मला उत्तर माहीत होतं. पण मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"मेंढरांमागनं उचलून माणसांत आणली. फी माफ केली, हॉस्टेल दिलं. आणि हिनं जित्तेपणी माझं मढं काढलं!"

मागचे हसले. साहेब असं बोलले की हसायचं असतं. पण साहेब स्वतः हसत नव्हते, हे ध्यानात आल्यावर हसणारेही गप्प झाले. तेव्हा ते म्हणाले, "कान धर. आणि अशीच उभी राहा चित्राशेजारी, सगळ्यांची जेवणं होईपर्यंत. कळू दे लोकांना कुणाची कला आहे ती."

मी उभी राहिले. लोक ताटं घेऊन येत, चित्र बघत, मला बघत, मोबाइल काढत. माझ्या खोलीतली मैत्रीण माझ्यासमोरून गेली आणि तिला एकाएकी छताचे पंखे बघायचे होते. आमचे सर, ज्यांनी मला हे असलं चित्र बघायला शिकवलं, ते कोपऱ्यात उभे राहून स्वतःच्या बुटाकडं बघत होते. जाताना साहेब थांबले आणि म्हणाले, "सोमवारी दुसरं काढून आण. सरळ. हुबेहूब. न्हाईतर परीक्षेचं विसर."

मला रडू आलं नाही. मला भीती वाटत होती, बाकी काही नाही. मला लघवीला लागली होती आणि जाऊ का म्हणून विचारायची छाती होत नव्हती. हे लिहायला लाज वाटते. पण ज्यांना वाटायला हवी त्यांना वाटत नाही, म्हणून लिहिते.

आता काही जण म्हणतात की मी मुद्दाम बंड केलं. खोटं आहे. बंडाला आधी छाती लागते. मी ते चित्र तसं काढलं, कारण मला ते दुसऱ्या तऱ्हेनं काढताच येईना. का ते सांगते.

आम्ही धनगर. गाव माण तालुक्यातलं, साताऱ्याच्या पूर्वेला, जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहासुद्धा न पिता जातो. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरायचं. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची. रानाला लेंडीखत, मेंढरांना चारा, आम्हाला धान्य. आष्ट्याजवळ ज्यांच्या रानात आमचा तळ पडायचा, ते मालक म्हणजे हेच साहेब. संस्थेत ते साहेब झाले. आम्हाला ते मालकच.

मी तेव्हा आठेक वर्षांची असेन. आमचं एक कोकरू मालकांच्या बंगल्यामागच्या मेथीत घुसलं. एका वाफ्यात. मालकांनी आबाला बोलावणं धाडलं. आबा म्हणजे माझा बाप. त्याच्यामागं आई आणि आईच्या मागं मी. पण मला बघायचं होतं म्हणून मी पुढं सरकले आणि आबाच्या पाठीशी जाऊन उभी राहिले.

मालक वर व्हरांड्यात खुर्चीवर आडवे बसले होते. दाढी चालली होती. एका गालाला फेस, दुसरा गाल झालेला. शेजारी खिडकीत आरसा टेकवलेला. न्हावी वाकून गळ्यावरून वस्तरा फिरवत होता. मालकांनी तोंड वळवलं नाही. आरशात बघूनच बोलले.

"मेथी कुणाची रं?"

"तुमची जी, मालक."

"मग कान धर."

आबानं पागोटं काढून पायरीवर ठेवलं आणि कान धरले. वस्तरा मालकांच्या गळ्याला होता आणि थरथरत होतो आम्ही.

मी आबाच्या कोपराआडून वर बघत होते. सबंध चेहरा दिसतच नव्हता. खालून हनुवटी दिसायची. नाकपुड्या. बाजूनं एक कान, आणि त्याच्या खालपर्यंत फासलेला पांढरा फेस. मधोमध आबाचं कोपर, उन्हानं काळं पडलेलं, हलायचं नाव नाही. आणि पलीकडं आरशात एक डोळा. नुसता डोळा, आरशाच्या चौकटीत. मी बघितलं तेव्हा तो माझ्याकडंच बघत होता. मी मान खाली घातली. दाढी पुरी होईपर्यंत आबा तसाच उभा होता. मग मालकांनी तोंड धुतलं, टॉवेलानं पुसलं आणि आत गेले. 'जा' असंही म्हणाले नाहीत. आम्ही बराच वेळ उभेच, कारण जायचं की नाही ते कळेना.

त्यावर आमच्यात कधी कुणी बोललं नाही. उलट आम्ही दरसाल त्याच रानात येत राहिलो. मालक देवमाणूस, असंच सगळे म्हणत. आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर मी कोळशानं मेंढरं काढायची. ती त्यांनी बघितली आणि आबाला म्हणाले, पोरीच्या हातात कला हाय, शिकव. पुढं त्यांच्याच संस्थेत त्यांनी मला घेतलं. त्यांच्या उपकारावरच मी रंग हातात धरला. म्हणून तर भीती जास्त. मारकुट्या बैलाला माणूस लांबून जातो, पण ज्याच्या दावणीला जेवायचं त्याच्यापासून लांब कुठं जाणार?

शेवटच्या वर्षाला, पावसाळा सरताना, आमच्या सरांनी वर्गात पडद्यावर एक चित्र दाखवलं. सर साताऱ्याचे, नोकरी कंत्राटी. सांगलीत खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारची एसटी धरायचे. पण शिकवायला लागले की कंत्राट विसरायचे. म्हणाले, ह्या पद्धतीला घनवाद म्हणतात, क्युबिझम.

चित्र एका माणसाचं होतं. खुर्चीत बसलेला कुणी माणूस. पण सगळा तुकड्यातुकड्यांत. डोळा समोरून, नाक बाजूनं, कान भलतीकडंच.

"काच फुटली, सर!" मागून एक जण ओरडला.

"मिक्सरला लावलाय गड्या त्येला!" दुसरा.

वर्ग खदखदला. मला हसू आलं नाही. पायरीवर ठेवलेलं पागोटं मला दिसायला लागलं. सरांचं माझ्याकडं लक्ष गेलं.

"तुला काय दिसतं?"

"भ्या वाटतंय, सर."

वर्ग आणखी हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "मग बघत राहा. नाक शोधू नको. उजेड कुठून निघतो आणि कुठं जातो, तेवढंच बघ."

मी बघत राहिले. उजेड कपाळावरून निघायचा. एका तिरक्या पैलूवरून घसरून गालावर यायचा, तिथं एका गडद कडेला अडायचा आणि शेजारच्या कडेतून वाट काढायचा. कारण प्रत्येक तुकड्याची एक कड घट्ट आणि एक उघडी होती. उघड्या कडेतून गाल मागच्या भिंतीत मिसळून जायचा. माणूस कुठं संपला आणि भिंत कुठं लागली ते कळायचं नाही. रंगही मोजके. राख, माती, वाळलेलं गवत. सर म्हणाले, हे मुद्दाम केलंय. भडक लाल आला असता तर डोळा तिकडंच पळाला असता, आकाराकडं वळला नसता. मला ते रंग ओळखीचे वाटले. आमच्या माळाचे होते ते. आणि घोंगडीचे. लोक म्हणतात घोंगडी काळी. कसली काळी? उन्हात धरून बघा. तिच्यात तांबूस असतो, धुरकट असतो, मध्येच एखादा करडा केस असतो. त्या चित्रातला तपकिरीही तसाच एकातून दुसरा निघणारा होता.

"चित्रकार इथं एका जागी बसून बघत नाही," सर म्हणाले. "तो माणसाभोवती फिरतो. समोरून, बाजूनं, खालून. आणि सगळं एकदम मांडतो."

भोवती फिरतो. हे माझ्या डोक्यात अडकून बसलं. आम्ही कधी कुणाभोवती फिरलो होतो? आम्ही एका जागी उभं राहायचो, मान खाली घालून. मालकांच्या चेहऱ्याचे तुकडे आपापले आमच्यापर्यंत यायचे. हनुवटी आली, कान आला, आरशातला डोळा आला. त्या चित्रकारानं हिंडून, निवडून, मन मानेल तसे तुकडे केले असतील. माझ्याकडं ते आधीपासून पडून होते.

ग्रंथालयात एका जाड पुस्तकात ते चित्र छापलेलं होतं. मी रोज जाऊन बघायची. भीती जायची नाही, पण आता भीती वाटत असतानाही बघता यायचं. ही माझ्यासाठी नवी गोष्ट होती. एके दिवशी त्या माणसाचे हात सापडले. इतके दिवस ते तपकिरी तुकड्यांत दिसलेच नव्हते. मांडीवर होते, एकात एक गुंफलेले. निवांत. ज्यांना कधी कुणी कानाकडं न्यायला लावलं नाही असे हात. मी पुस्तक मिटलं आणि बाहेर येऊन नळाखाली तोंड धरलं.

मग वाढदिवसाची स्पर्धा आली. मीही इतरांसारखा फ्लेक्सचा फोटो समोर ठेवला. आधीच्या वर्षी तसं काढून दिलं होतं, पण यंदा तो चेहरा कागदावर उतरेना. उतरायचा, पण तो कोण होता? समोर बघणारा, हसणारा, माझ्याकडं हात करणारा तो माणूस मी उभ्या जन्मात बघितला नव्हता. मी खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं. शेवटी फोटो पालथा ठेवला आणि मला जो दिसला होता तो काढायला घेतला.

आधी फेस. पांढऱ्यात जरा निळा आणि जरा राख घातली, नुसता पांढरा खडूसारखा मेलेला दिसतो. त्याचा मोठा तिरका तुकडा एका अंगाला. मग बाजूचा कान. मग हनुवटी, खालून बघितलेली, पायरीसारखी पुढं आलेली. बाकीच्या तुकड्यांच्या कडा उघड्या ठेवल्या, पण आरशातल्या डोळ्याला चारी बाजूंनी घट्ट कड दिली. तो डोळा कुणातच मिसळणारा नव्हता. आणि मधोमध, जिथं नाक यायचं तिथं, काळा त्रिकोण. आबाचं कोपर. ट्यूबमधला काळा नाही वापरला. घोंगडीचा काळा केला. तपकिरीत निळा, वर तांबड्याचा हात. सगळ्या चित्रातला उजेड फिरून फिरून त्या कोपराशी यायचा आणि थांबायचा.

चित्र चांगलं झालं होतं. आमच्यात पोरीनं स्वतःचं कौतुक करू नये म्हणतात. मी करते.

सरांनी बघितलं आणि आधी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "हे ठेव. स्पर्धेला दुसरं दे." पण स्पर्धेच्या नियमात लिहिलं होतं, कोणतीही शैली चालेल. अडाणीपणा म्हणा हवं तर. मला वाटलं, लिहिलंय म्हणजे चालत असेल.

पुढं काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलं. त्याचा व्हिडिओ निघाला आणि वाड्यावस्त्यांवर फिरला. मीही तो बघितला. एकदाच. चित्राशेजारी मी उभी आहे. चित्रात काळा त्रिकोण आणि चित्राबाहेर माझं कोपर. दोन्ही अगदी एकसारखी. मोबाइल माझ्या हातातून गादीवर पडला.

रविवारी मी आष्ट्याला तळावर गेले. यंदाही मेंढरं साहेबांच्याच रानात बसली होती. आबानं आधी काहीच विचारलं नाही. माझ्यासाठी घोंगडी टाकली. मग म्हणाला, "दावला मला एकानं त्यो व्हिडू. जेवलीस का त्या दिशी?"

मी सोमवारचं सांगितलं.

"काढ की गं सरळ. माणसाला एक नाक, दोन डोळं, एक त्वांड. त्यात काय जड हाय? मेंढरू काढतीस त्ये उठून पळंल आसं काढतीस."

"येतंय मला, आबा."

"मग काढ." त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. आसपास मेंढरांशिवाय कुणी नव्हतं. "मेंढ्या गाभण हायत्या. हितनं उठीवलं तर कुठं जायाचं? पार पाटणापातूर रानं दुसऱ्यांनी धरल्याती. त्येंच्या मनातनं उतरलो तर कोण हुबं करंल आपल्याला?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो माझ्यापुढं गयावया करत होता. माझा बाप.

चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "आवं, आदी बघू तरी काय काढलंय तिनं." तिनं हात पदराला पुसले आणि माझ्याजवळ आली. मी मोबाइलमधला चित्राचा फोटो उघडून तिच्यापुढं धरला.

आईनं जन्मात असलं चित्र बघितलं नव्हतं. ती वाकली. बघितलं. आणि तिचा हात आपसूक वर गेला, तिनं पदर कपाळावरून पार डोळ्यांपर्यंत ओढला आणि ती एक पाऊल मागं सरकली. बंगल्यासमोरून जाताना करायची तसंच.

"मालक," ती म्हणाली. अगदी हळू.

"कुठं गं?" आबा डोळे बारीक करून बघायला लागला.

"ह्यो काय, आवं. फेस न्हाई का त्वांडाला? आन् ह्यो..." तिचं बोट काळ्या त्रिकोणापाशी आलं आणि तिथंच राहिलं. तिनं आबाकडं बघितलं. मग बोट काढून घेतलं, चुलीपाशी गेली आणि विझलेली चूल फुंकायला लागली.

भरल्या हॉलमध्ये शिकल्यासवरल्यांना जो माणूस सापडला नाही, तो आईला झटक्यात सापडला. याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला दिसत होता तो फक्त पदर. मालक तिथं नव्हते. त्यांचं चित्र होतं, तेही नाही, चित्राचा फोटो, तळहाताएवढा. त्यालाही माझी आई पदर घेत होती. मला त्या पदराचा राग आला. आईचा नाही, पदराचा. आणि माझ्या या दोन हातांचा, जे शब्द पडताच वर गेले. इतका राग मला मालकांचासुद्धा कधी आला नव्हता.

मी आबाला काही वचन दिलं नाही. एक जुनं घोंगडं मागून घेतलं आणि निघाले. आष्ट्याहून सांगलीपर्यंत एसटीत मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.

सोमवारी चित्र त्या घोंगड्यात गुंडाळून साहेबांच्या कार्यालयात गेले. चित्र दोन्ही हातांनी धरलं होतं. मुद्दाम. हात मोकळे नकोत. साहेब खुर्चीत, शेजारी प्राचार्य, दाराशी आमचे सर.

"आणलंस?"

"आणलंय."

घोंगडं बाजूला केलं. तेच चित्र. प्राचार्य "अगं ए!" म्हणत अर्धे उठले. साहेबांनी त्यांना हातानं बसवलं.

"मी सरळ काढायला सांगितलं होतं."

"मला तुमी सरळ कवा दिसलाच न्हाई." माझा आवाज कोकरासारखा निघत होता. शुद्ध बोलायचं मी कॉलेजात शिकले होते, ते सगळं पळून गेलं. "त्या दिशी तुमी विचारलं, नाकाच्या जागी काळी घाण कसली. मी बोलले न्हाई. आता सांगते. त्ये कोपर हाय. माझ्या आबाचं. तुमची दाढी पुरी हुईस्तवर त्यानं कान धरलं हुतं. मेथीच्या एका वाफ्यापायी. मी त्याच्या मागं हुते."

साहेब चित्राकडं बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत.

"कधी?" त्यांनी विचारलं. मग प्राचार्यांकडं वळून, "कसली मेथी?"

ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. आम्ही ज्याच्या भीतीत इतकी वर्षं निजलो आणि उठलो, ते त्यांच्या लेखी घडलंच नव्हतं. त्या क्षणी मला जेवढी भीती वाटली तेवढी वस्तऱ्याच्या दिवशीही वाटली नसेल.

"असल्या बारीकसारीक गोष्टी धरून बसतात होय कुणी?" साहेब म्हणाले, जवळजवळ मायेनं. "पोर आहेस. कान धर, माफी माग, नवं चित्र काढ. विषय संपला."

कान धर. माझी बोटं चित्राच्या चौकटीवर हलली. मी स्वतः बघितलं ती हलताना. वर निघाली होती. मी चौकट इतकी गच्च आवळली की लाकडाची कड बोटांत रुतली.

"न्हाई."

"काय?"

"न्हाई धरणार."

पुढं साहेब काय बोलले ते मला नीट आठवत नाही. कानात घूं घूं होत होतं. 'बाहेर हो' हे शेवटचे शब्द ऐकू आले. भिंतीला खांदा लावत मी जिना उतरले. मागून सर आले.

"मी बोलायला हवं होतं," ते म्हणाले.

"मग बोला की, सर. साहेब वरच बसलेत."

सर पुन्हा बुटाकडं बघायला लागले. त्यांना घरी बायको आहे, लहान मुलगी आहे, आणि कंत्राट दरसाल संपतं. मला कळतं. कळलं म्हणून माफ करायचं असं कुठं आहे?

दिवस मावळायच्या आत साहेबांच्या माणसांनी तळ उठवला. दुसऱ्या दिवशी आबाचा फोन आला. मागं मेंढरांचा आवाज आणि ट्रकचे हॉर्न. रस्त्यावरच होते.

"उठलो आमी तितनं," तो म्हणाला. मध्येच त्यानं मेंढरांना हाळी दिली.  "त्यात कोपर माजं हाय व्हय गं?"

"व्हय, आबा."

"लय दिसतंय का?"

"मधोमध हाय."

त्यानं मला शाबासकी दिली नाही, शिवीही दिली नाही. फोन ठेवला. पुढं वाटेत दोन मेंढ्या गाभडल्या, पोटातली कोकरं गेली, असं आईनं सांगितलं. ते माझ्या नावावर आहे. मी ते नाकारत नाही.

हॉस्टेलची खोली गेली. आता सांगलीतच एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागले आहे. दिवसभर हसऱ्या, समोर बघणाऱ्या चेहऱ्यांचे गाल गोरे करते आणि मागं उगवता सूर्य लावते. चित्र माझ्या भाड्याच्या खोलीत दारासमोर टांगलंय. बाहेरून आले की पहिला तो डोळा दिसतो. अजून मान खाली जायला निघते. तरी मी चप्पल काढत त्याच्याकडं बघते आणि तो बघतोय तोवर मी मान खाली घालत नाही.

परीक्षा आली आहे. बसू देणार का, याला कॉलेजातून कुणी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. पेपरच्या दिवशी सकाळी मी फाटकाशी जाणार आहे, चित्र घेऊन. अडवतील. साहेबांची गाडी येईल, काच खाली होईल, तोच शब्द येईल. मला माहीत आहे, मी थरथरेन. थरथरू दे. हात खाली ठेवून थरथरेन.

आणि आत घेतलं नाही तर फाटकासमोरच्या रस्त्यावर बसून तोच चेहरा पुन्हा काढीन. पुन्हा तुकड्यांतच. या वेळी कोपर आणखी मोठं.

साहेबांना आठवत नाही. आठवेपर्यंत काढीन.